बिअरला मार्क द्यायचे कसे? पन्नासपैकी किती, आणि कशाचे

हा आजच्या भागाचा लेखी अवतार. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा संध्याकाळीच संपतो, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय. फक्त मधले ‘अं’ काढलेत, आणि मागे शेजाऱ्यांची पाण्याची मोटार सुरू झाली होती तो आवाज. वडवणीतून वर्क फ्रॉम होम म्हणजे हे आलंच.

आधी कायद्याचं सांगतो. महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, दारूसाठी २५. वर परवाना लागतो, तो कागद आहे म्हणून विसरू नका. ज्यांचं वय बसत नाही किंवा जे पीत नाहीत, त्यांनी हा भाग केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्सचा तास समजून वाचा. निम्मा भाग तोच आहे. आणि न पिणाऱ्यांनी यामुळे प्यायला सुरुवात करावी अशी माझी अजिबात इच्छा नाही.

तर विषय असा निघाला. एका श्रोत्याचा मेसेज आला: ‘दादा, अॅपवर सव्वाचार तारे असलेली आयपीए पुण्यात भारी पैसे देऊन घेतली. कडुलिंबाचा काढा निघाली. लोक खोटे तारे देतात का माझी जीभच गावठी आहे?’

दोन्ही नाही. पण याचं उत्तर द्यायचं तर बिअरला मार्क देतात म्हणजे नक्की काय करतात, ते बघायला लागेल.

जगभर स्पर्धांमध्ये जी पद्धत सगळ्यात जास्त चालते ती अमेरिकेतल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम’ची. १९८५ पासून चालू आहे. त्यांचा एक कागद असतो, एकूण मार्क ५०. त्यातले वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५, आणि एकंदर कशी वाटली त्याला १०. बघा, रंग-फेस-चमक सगळं मिळून फक्त ३ मार्क. आणि आपण फोटो कशाचा काढतो? फेसाचा.

या कागदात एक गोम आहे. परीक्षक ‘मला आवडली का’ हे विचारत नाही. तो विचारतो, ‘ही जी असल्याचा दावा करते, ती आहे का?’ म्हणजे असं समजा, बैलांचं प्रदर्शन आहे. समोर लाल कंधारी उभा आहे. त्याला तुम्ही ‘हा खिलारासारखा पांढराशुभ्र नाही, शिंगं तशी लांब नाहीत’ म्हणून नापास केलं तर प्रदर्शनातले शेतकरी तुम्हाला हाकलून देतील. लाल कंधारीला लाल कंधारीच्याच मापाने मोजायचं. बिअरचंही तेच. पिल्सनरला पिल्सनरच्या मापाने, स्टाउटला स्टाउटच्या.

आयपीए कडू असते. ती कडू असणं हाच तिचा दावा आहे. आपल्या श्रोत्याने आयुष्यभर लागर प्यायलेली, आपल्याकडे बाटलीत मिळणारी जवळपास सगळी बिअर लागरच असते. मग त्या मापाने आयपीए काढाच लागणार. अॅपवर तारे देणारे बहुतेक लोक ती कडवट चव शोधतच आलेले असतात. त्यामुळे तारे खोटे नाहीत आणि जीभही गावठी नाही. मापं वेगळी आहेत, एवढंच.

गिनेसचं उदाहरण घ्या. काळीकुट्ट, वर साईसारखा फेस. बघूनच पोरं म्हणतात, ‘ही तर लई स्ट्राँग असणार.’ ड्राफ्ट गिनेसमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के. आपल्या साध्या माइल्ड बिअरपेक्षाही कमी. काळा रंग येतो भाजलेल्या सातूमुळे. भाकरी तव्यावर जास्त वेळ राहिली की काळी पडते, म्हणून ती काय जास्त ताकदीची होते का?

जिभेची डिक्शनरी

आता खरी अडचण. ऑफिसमध्ये आमच्या टीममधले दोन-तीन जण ऑनसाइटला जाऊन येतात. येताना दोन लिटरपर्यंत कस्टममधून सुटतं, म्हणून बॅगेत कॅन आणतात. मग शनिवारी पुण्यात कोणाच्या तरी फ्लॅटवर चाखणं होतं. एक कॅन पाच-सहा जणांत. आणि मग कोणीतरी फोनवरचं वर्णन वाचतो: ‘पाइन, ग्रेपफ्रूट, टॉफी, स्टोनफ्रूट.’ मी वडवणीचा. पाइनचं झाड मी पहिल्यांदा कॉलेजच्या ट्रिपला पाहिलं. ग्रेपफ्रूट आजही नीट ओळखत नाही. दुसऱ्याच्या डिक्शनरीत चव शोधायला गेलं की माणूस मान डोलावतो आणि काहीच लिहीत नाही.

म्हणून मी माझी डिक्शनरी करायला घेतली. ही माझ्या दृष्टीने या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे.

सुरुवात धान्यापासून. बिअरचा पाया म्हणजे माल्ट. माल्ट म्हणजे काय, तर सातू भिजवायचा, मोड आणायचे, मग वाळवून भाजायचा. आपण नाचणीचं सत्त्व करताना मोड आणून वाळवतो, तोच प्रकार. मोड आले की दाण्यातले एन्झाइम जागे होतात आणि पुढे स्टार्चची साखर करतात. ती साखर यीस्ट खातं आणि अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. संपली बिअर. बाकी सगळे तपशील.

मी एकदा माल्टचा छोटा पुडा घरी आणला. नुसतं धान्य, त्यात नशा वगैरे काही नाही. आमच्या आईला दारूचा भयंकर तिटकारा आहे, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांकडे त्याची भरपूर कारणं आहेत. त्यामुळे आधी खुलासा करावा लागला. मग तिने चार दाणे चावून बघितले आणि म्हणाली, ‘हे तर सातूच्या पिठासारखं लागतंय.’ दुसऱ्या पुडीत जास्त भाजलेलं होतं. ते चावून म्हणाली, ‘हे करपवलंय कुणी?’ एका मिनिटात तिने मला दोन शब्द दिले, जे इंग्रजी वर्णनात ‘बिस्किटी’ आणि ‘रोस्टेड’ म्हणून येतात. सातूचं पीठ आणि करपलेली भाकरी. मला आता फिकी लागर हुंगली की पहिलं पीठच आठवतं.

पुढे वाढवत नेलं. जर्मन डॉपेलबॉक नावाची गडद, दाट बिअर असते. तिच्यात काकवी आहे. गुऱ्हाळावर कढईतून काढलेली गरम काकवी ज्याने चाटली, त्याला ‘टॉफी’ची गरज नाही. थोडी खारीक, थोडा मनुका. जर्मनीत बाम्बर्ग गावात धुराची बिअर करतात, माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. हुंगल्यावर ऑफिसमधले म्हणाले ‘बेकन’. मी म्हणालो हुरड्याची आगटी. गोवऱ्यांचा धूर नाही तो, लाकडाचा आहे, पण घराणं तेच.

बव्हेरियाची गव्हाची बिअर, हेफेवाइझेन, तिच्यात केळं आणि लवंग येतात. खरं केळं कोणी टाकत नाही. यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं एस्टर तयार करतं, आणि पिकलेल्या केळ्याचा वास याच रेणूचा असतो. लवंगेसारखा वासही यीस्टच तयार करतं. बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरंच धने आणि संत्र्याची साल टाकतात.

हॉप्स हे वेलीचं फूल, कडवटपणा आणि बराचसा वास त्यातून येतो. इथे तो ‘पाइन’वाला घोळ आहे. माझ्यासाठी तो वास म्हणजे कैरी देठाजवळून तोडल्यावर उडणारा चीक. उग्र, हिरवा, जरा राळेसारखा. आणि हे नुसतं माझ्या मनाचं नाही. मिरसीन नावाचं तेल हॉप्समध्येही असतं आणि आंब्यातही. पाइन बघितलं नसलं तरी आपल्याकडे त्याच रेणूचा पत्ता आहे.

आंबट बिअर चाखायला दिली की आपली पोरं तोंड वाकडं करतात, ‘खराब झालीय.’ अरे, वेळ अमावस्येला शेतात बसून आंबील कोण पितं मग? ज्वारीचं पीठ आंबवून ताकात केलेली आंबील, तिच्यातला आंबटपणा लॅक्टिक ॲसिडचा. बर्लिनच्या आंबट बिअरमध्येही तेच ॲसिड. जर्मनीतच गोजं नावाची एक बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धने टाकतात. मी पहिला घोट घेऊन म्हणालो, ‘हा तर लग्नातला मठ्ठा आहे.’ कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना पटलं. बेल्जियमची लांबिक तर उघड्या हौदात ठेवून हवेतल्या यीस्टवर आंबवतात. तिचं वर्णन करताना अनुभवी परीक्षक ‘गोठा’ आणि ‘घोड्याची झूल’ हे शब्द वापरतात, आणि ते कौतुक म्हणून वापरतात. गोठ्याच्या बाबतीत आपली तयारी त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

आणि आपली ज्वारी? आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते, दक्षिण आफ्रिकेतली उमकोंबोथी मका आणि ज्वारीचीच. नायजेरियाने १९८८ मध्ये सातूची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांना ज्वारी-मक्यावर यावं लागलं, गिनेससुद्धा. म्हणजे बिअर सातूचीच पाहिजे असा काही देवाचा नियम नाही.

बाटलीचा प्रवास

मार्क कमी का पडले हे सांगता येणं हा दुसरा अर्धा भाग. कारण कधी कधी बिअर चांगली असते आणि बाटलीवर अत्याचार झालेले असतात.

बिअरचे दोन शत्रू, ऊन आणि उष्णता. (तिसरा हवा, पण ती झाकणाच्या आतच असते.) हॉप्समधला कडू पदार्थ उजेडात फुटतो आणि गंधकाचा एक रेणू तयार होतो. इंग्रजीत याला ‘स्कंकी’ म्हणतात. स्कंक नावाचा प्राणी आपल्याकडे नाहीच, त्यामुळे हा शब्द निरुपयोगी. मी लिहितो ‘जळकं रबर, वर थोडा सडका कोबी’. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फार कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. म्हणून दुकानात काचेच्या कपाटात ट्यूबलाइटखाली महिनाभर उभी असलेली हिरवी बाटली घेऊ नका, आतून नवी घ्या. किंवा सरळ कॅन घ्या, कॅनमध्ये उजेड जातच नाही.

उष्णता हळूहळू मारते. साधारण ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. आता मे महिना डोळ्यांसमोर आणा. ४२ अंश, ट्रकवर ताडपत्री, पुढे पत्र्याचं गोडाउन. बिअर जुनी झाल्यावर एक खास वास येतो, भिजलेल्या पुठ्ठ्याचा. पावसात दप्तर भिजल्यावर वह्यांना यायचा तो. हायवेवरच्या एका ठिकाणी मी घेतलेल्या बाटलीला तो इतका होता की अर्धी मोरीत ओतली. ब्रँड कोणता ते महत्त्वाचं नाही. तोच ब्रँड, ताजी तारीख, पुण्यात चाखली तर ठीकठाक निघाली. म्हणून मार्क देण्याआधी लेबलवरची तारीख बघा. आणि वहीत तारीख लिहा, नुसतं नाव नको.

बाकी दोष पटापट सांगतो. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस. थिएटरच्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटिल. हिरव्या सफरचंदाचा म्हणजे अॅसिटाल्डिहाइड, बिअर बहुतेक घाईत काढलेली. हे तीन ओळखता आले तरी तुम्ही मित्रमंडळीत परीक्षक म्हणून खपता.

आणि कृपा करून बर्फासारखी थंड करून चाखू नका. एवढ्या थंडीत वास वर येतच नाही आणि १२ मार्क तिथेच गेले. लागर फ्रीजमधून काढून पाच मिनिटं ठेवा, गडद बिअर त्याहून जास्त वेळ. स्टीलचा ग्लास नको, रंग दिसत नाही. काचेचा घ्या, आणि त्याला तेलाचा हात लागलेला नको, तेलाने फेस बसतो. फरसाण खाता खाता ‘फेस टिकत नाही यार’ म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या ओठांकडे बघावं. सोबत साधी भाकरी आणि पाणी. ठेचा नंतर.

डोळे झाकून

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे एक टेस्ट केल्याशिवाय मला झोप येत नाही. ही टेस्ट मी शोधलेली नाही, ब्रुअरीत रोज करतात. नाव ‘ट्रायअँगल टेस्ट’. तीन ग्लास, दोनमध्ये एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. तुम्ही पाठ करून बसायचं, मित्राने ओतायचं. मग वेगळी कोणती ते ओळखायचं. नुसता तुक्का मारला तर तीनात एकदा बरोबर येतो. सलग दोनदा यायची शक्यता नऊत एक. सलग पाचदा आली तर २४३ मध्ये एक, तेव्हा मात्र मान्य करायचं की जीभ काम करतेय.

हे घरी करून बघाच. दोन नावाजलेल्या लागर घ्या, एक देशी, एक विदेशी नावाची आणि जवळपास दुप्पट महाग. ‘मी तर वासावरून सांगतो’ म्हणणारे आमच्याकडे तिसऱ्या फेरीपर्यंत टिकले नाहीत.

आणि हो, सेकंड इयरला आपल्याला छळलेली ‘स्टुडंट्स टी टेस्ट’ आठवते? ती लिहिणारा विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कंपनीत नोकरीला होता. सातू, हॉप्स यांचे नमुने मोजकेच असायचे, आणि थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचा कसा हा त्याचा रोजचा प्रश्न होता. कंपनी नावानिशी छापू द्यायची नाही, म्हणून १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने पेपर छापला. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमध्ये सोरेनसनने पीएच ही कल्पना मांडली. म्हणजे दहावीचा पीएच आणि इंजिनिअरिंगची टी टेस्ट, दोन्ही बिअरवाल्यांनी दिली. व्हायव्हात हे सांगायची हिंमत मात्र करू नका.

मोजक्या नमुन्यांचा हाच प्रश्न अॅपवरच्या ताऱ्यांना पडतो. समजा एका बिअरला तिघांनी पाच-पाच तारे दिले. सरासरी ५. दुसरीला चार हजार लोकांनी मिळून सरासरी ४.१ दिले. पहिली वरची का? अर्थातच नाही. म्हणून बिअरच्या जुन्या रेटिंग साइट साधी सरासरी न लावता एक युक्ती करायच्या: प्रत्येक बिअरला सुरुवातीलाच काही काल्पनिक ‘सरासरी’ मतं देऊन टाकायची. समजा १० मतं, प्रत्येकी ३.५ ची. मग पहिलीचे होतात १५ अधिक ३५, भागिले १३, म्हणजे ३.८५. दुसरीला त्या १० मतांनी काही फरक पडत नाही, ती ४.१ च्या जवळच राहते. क्रम उलटला. हे दोन ओळींचं कोड आहे, पण तुमचं अॅप ते लावतं का हे स्क्रीनवर दिसत नाही. म्हणून ताऱ्यांच्या बाजूला कंसात मतं किती आहेत ते आधी बघा.

युक्तीने न सुटणारी गोष्टही आहे. तारे देतो कोण? रांगेत उभं राहून दुर्मिळ बिअर मिळवलेला माणूस तिला कमी तारे देईल का? आणि रोजची लागर पिणारा अॅप उघडतो का? त्यामुळे जड, दुर्मिळ, महाग बिअर वर तरंगतात आणि साधी, नीट केलेली लागर तळाला जाते. खरं तर लागर करणं अवघड. तिच्यात लपायला जागा नसते, जराशी चूक झाली की लगेच दिसते. पिल्सनमध्ये योसेफ ग्रोलने १८४२ मध्ये पहिली सोनेरी लागर काढली. आज जगात विकली जाणारी बहुतेक बिअर तिचीच नातवंडं आहेत.

मागचं लेबल

पिल्सनचं नाव निघालं म्हणून पाण्याकडे येतो. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही, आई डाळीला नळाचं पाणी वेगळं ठेवते. बिअरवाल्यांचं तेच. पिल्सनचं पाणी अगदी मऊ, म्हणून तिथे फिकी, नाजूक लागर जमली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त, तिथे भाजलेला आंबटसर माल्ट त्याचा तोल सांभाळतो, म्हणून स्टाउट. इंग्लंडमधल्या बर्टनच्या पाण्यात सल्फेट, त्याने हॉप्सची कडू चव खणखणीत लागते. आज आरओ करून हवं ते मीठ टाकता येतं, त्यामुळे कुठलीही बिअर कुठेही होते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातली पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी. तेव्हापासून पुण्याच्या पाण्यावर बेल्जियम-जर्मनीचे प्रकार बनतायत, आणि ताजेपणामुळे ते बॅगेतून आलेल्या कॅनला बऱ्याचदा मार्कात मागे टाकतात. माझ्या वहीत तरी.

आता बाटलीचं मागचं लेबल वाचा. समोर डेन्मार्क, हॉलंड असलं तरी मागे कारखान्याचा पत्ता आपलाच असतो. मराठवाड्यात पुष्कळदा तो छत्रपती संभाजीनगरचा, वाळूज किंवा चिकलठाण्याचा. तिथल्या एमआयडीसीला पाणी जायकवाडीचं. आणि जायकवाडीचाच उजवा कालवा पुढे माजलगावच्या धरणात पाणी आणतो, त्या माजलगाववर बीड शहराची तहान. म्हणजे ‘वर्ल्ड बिअर’ म्हणून आपण जी फोडतो तिचं पाणी आपल्याच ताटातलं.

एरवी हे कुणाला आठवत नाही. २०१६ मध्ये आठवलं. जायकवाडी मृतसाठ्यात गेलं होतं, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के कपात सांगितली, १० मेपासून ६० टक्के. एक लिटर बिअरला, धुण्या-थंड करण्यासकट, कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. कारखान्यांत नोकऱ्या आपल्याच पोरांच्या, महसूल राज्याचा, आणि कोणी म्हणेल की ऊस याच्या कितीतरी पट पाणी पितो, तेही खरंच. माझं मत असं की टँकरच्या रांगेत हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला हा हिशेब ऐकवू नये. तिच्या हंड्याचा नंबर पहिला, कारखाना आणि ऊस दोघांच्याही आधी.

मी वहीत ५० मार्कांच्या खाली एक ओळ जास्त लिहितो: कुठे भरली, कधी भरली. तिला मार्क नाहीत.

रकाना नसलेली गोष्ट

शेवटचं, आणि हे आपल्या भागासाठी. पन्नास मार्कांच्या त्या कागदावर ‘किती चढली’ असा रकानाच नाही. आपल्याकडे मात्र दुकानात पहिला प्रश्न तोच. देशात खपणारी बहुतेक बिअर स्ट्राँग आहे, ८ टक्क्यांपर्यंतची. पैसे वसूल झाले पाहिजेत हे गणित मला समजतं. पण गणित पूर्ण करू. ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल. साठ मिलीचा व्हिस्कीचा पेग, ४२.८ टक्के, म्हणजे साधारण २६ मिली. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन मोठे पेग. ‘बिअर म्हणजे काय दारू थोडीच?’ असं म्हणत दोन बाटल्या संपवणारा चार मोठे पेग घेऊन उठतो आणि बीड-परळी रोडला गाडीवर बसतो. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. ती तो पहिल्या बाटलीतच ओलांडून गेलेला असतो.

चाखायला याच्या दहावा हिस्साही लागत नाही. परीक्षक एका बिअरचे ७०-८० मिली घेतात. एक ६५० ची बाटली आठ जणांना पुरते. आठ जण, चार बाटल्या, चार प्रकार, आठ वह्या, आणि गाडी चालवणारा नववा, जो फक्त ओततो आणि ट्रायअँगल टेस्टचे ग्लास बदलतो. त्याचं काम सगळ्यात मजेचं, कारण कोण किती फेकतंय ते एकट्या त्यालाच माहीत असतं.

कोऱ्या मार्कशीटचा फोटो चॅनेलवर टाकलाय, रकाने मराठीत केलेत. तुमच्याकडच्या चवीचा एखादा शब्द सुचला तर पाठवा. ‘कारळ्याची चटणी’ कोणत्या बिअरला बसते यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे.